‘पीडीएफ आहे ना’ हे उत्तर चालणार नाही



सध्या आपल्या तरुणांत एक वाद चालू असतो. काहीजण म्हणतात, पुस्तकांचं ओझं कशाला वाहायचं? किंडल घ्या, नाहीतर मोबाइलवर पीडीएफ उघडा. बाकीचे म्हणतात, छापील पुस्तक हातात घेतल्याशिवाय वाचल्यासारखं वाटतच नाही. दोन्ही बाजू आपापल्या सोयीचं आणि सवयीचं बोलतात. पण ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या अक्षरापासून लांब ठेवलं गेलं, त्याने आधी वेगळा प्रश्न विचारायला हवा. हे पुस्तक कोणाच्या ताब्यात आहे?

1936 साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने बाबासाहेबांना अधिवेशनाचं अध्यक्षपद दिलं. भाषणाचा मजकूर पाहिल्यावर मंडळ घाबरलं आणि तो बदलण्याची मागणी करू लागलं. बाबासाहेबांनी ठाम नकार दिला. अधिवेशन झालं नाही, भाषण झालं नाही. मग त्यांनी स्वतःच्या पैशाने 1500 प्रती छापल्या आणि दोन महिन्यांत त्या संपल्या. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ जगापर्यंत पोहोचलं ते असं. अधिवेशन रद्द करणं मंडळाच्या हातात होतं. लोकांच्या घरी गेलेल्या प्रती परत मागवणं कोणाच्याच हातात नव्हतं.

आता दुसरं उदाहरण बघा. जुलै 2009 मध्ये अ‍ॅमेझॉनने अनेक ग्राहकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं परस्पर काढून टाकली. विक्रेत्याकडे हक्क नव्हते, हे कारण दिलं. पैसेही परत केले. पण ग्राहक झोपेत असताना त्याच्या कपाटातलं पुस्तक काढून नेता येतं, हे त्या दिवशी सिद्ध झालं. ई-रीडरवर आपण बहुतेक वेळा पुस्तक विकत घेत नाही, ते वाचायची परवानगी विकत घेतो. ती परवानगी देणारी कंपनी आपली नाही.

म्हणजे स्क्रीनवर वाचणाऱ्याला नावं ठेवायची का? अजिबात नाही. बाबासाहेबांचे इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. मुरबाड-शहापूरच्या पाड्यावरून एसटीने कॉलेजला जाणारी मुलगी मोबाइलवर ते वाचत असेल, तर तिला कागदाचं महत्त्व सांगणारे आपण कोण? खंडांचा पूर्ण संच घ्यायला आणि ठेवायला तिच्या घरी पैसे नाहीत आणि जागाही नाही. नजर अधू झालेल्या आजोबांना अक्षर मोठं करून वाचता येतं. भाड्याच्या खोलीत किंवा कामाच्या ठिकाणी जात कळू नये म्हणून जपून राहणाऱ्या तरुणाला तर मोबाइलचा आडोसाच असतो.

पण या आडोशाची किंमतही आहे. एसटीत कोणाच्या हातात बाबासाहेबांचं पुस्तक दिसलं की शेजारचा ‘जय भीम’ म्हणतो आणि बोलणं सुरू होतं. मोबाइलमध्ये काय चाललंय ते कोणाला दिसत नाही. घरात फळीवर पुस्तक असेल तर धाकटी बहीण ते उघडते, शेजारचा मुलगा मागून नेतो. मोबाइलला मात्र लॉक असतो. आपल्याकडे एक प्रत एकट्याची कधीच नव्हती, ती सगळ्या वस्तीची असायची. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लोक पोटाला चिमटा काढून पुस्तकं घेतात, ती या वाटून वाचण्यासाठीही.

त्या स्टॉलवरच्या आपल्या छोट्या प्रकाशकांचाही विचार करा. सरकारने मोफत दिलेली फाइल फॉरवर्ड करणं वेगळं. आपल्याच एखाद्या हयात लेखकाचं दीडशे रुपयांचं पुस्तक स्कॅन करून दहा ग्रुपवर टाकणं वेगळं. त्याला प्रबोधन म्हणू नका. त्या प्रकाशकाचं पुढचं पुस्तक निघणार नाही.

आता मूळ मुद्दा. महाराष्ट्र शासनाने 1979 पासून बाबासाहेबांचे खंड प्रकाशित करायला सुरुवात केली. वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य झिजवलं. आणि 2021 च्या अखेरीस काय बातमी आली? नऊ लाख प्रती छापण्यासाठी 5 कोटी 45 लाखांचा कागद घेतला, पण चार वर्षांत छापल्या फक्त 33 हजार प्रती! मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. कागद गोदामात आणि वाचक रांगेत. अशा वेळी ‘पीडीएफ आहे ना’ हे उत्तर कोणाच्या सोयीचं आहे? आपण छापील प्रत मागायचं सोडलं, तर मागणीच नाही म्हणून छपाई बंद करायला सरकार मोकळं.

आमच्या वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून गेलं की सातवाहनांचा ब्राह्मी शिलालेख लागतो. यज्ञांची यादी, दक्षिणेत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, नाणी, सगळं दोन हजार वर्षं दगडात टिकलं. पण कित्येक शतकं ते वाचता येणारं कोणी नव्हतं. 1837 मध्ये प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली तेव्हा कुठे या अक्षरांना वाट मिळाली. टिकाऊ साधन मिळालं म्हणून काम संपत नाही, वाचणारी माणसं घडवावी लागतात. कपाटात पूजेला ठेवलेला खंड आणि मोबाइलमध्ये न उघडता पडलेल्या दोनशे फाइली, दोन्हींची गत सारखीच.

म्हणून कामाला लागा. खंडांची लिंक साठवू नका, फाइल उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा आणि विहाराच्या संगणकावरही टाका. विहारात पुस्तकांची एक फळी आणि नोंदवही सुरू करा. आठवड्यातून एकदा वीस पानं मोठ्याने वाचा, त्यावर भांडा. महाराष्ट्रात 1967 पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. तुमच्या तालुक्यातल्या अनुदानित ग्रंथालयात जाऊन बाबासाहेबांचे खंड मागा. नसतील तर लेखी मागणी द्या आणि पोच घ्या. किती प्रती छापल्या, किती वाटल्या, हे माहिती अधिकारात दरवर्षी विचारा.

वाचायचं कशावर, ते ज्याचं त्याने ठरवावं. खंड छापून मिळणं हा मात्र आपल्या सगळ्यांचा हक्क आहे आणि तो सोडायचा नाही.

जय भीम!