‘चान्स’वरील आक्षेपांचे उत्तर

रा. रा. संपादक यांस,


जोसेफ कॉनराडच्या ‘चान्स’ (१९१४) या कादंबरीत अनेक मुखांनी कथा सांगितल्यामुळे रहस्याचा रसभंग होतो, हा गतांकातील पत्रलेखकांचा आक्षेप मला ग्राह्य वाटत नाही. हेन्री जेम्सनेही त्याच वर्षी या कथनपद्धतीवर हरकत घेतली होती, हे खरे. परंतु पेढ्या बुडवून तुरुंगवास भोगलेल्या द बरालची मानहानी सोसलेली कन्या फ्लोरा आणि तिचा पती कॅप्टन अँथनी हे ‘फर्नडेल’ या एकाच जहाजावर राहूनही परस्परांच्या प्रेमाविषयी जिथे अनभिज्ञ आहेत, तिथे सर्वज्ञ निवेदकाने दोघांची अंतःकरणे आरंभीच उघडी केली असती, तर वाचकाची उत्कंठा कशावर जगली असती? डेकवरील काचेतून जहाजावरील तरुण अधिकारी पॉवेलला पडद्याआडून प्याल्याकडे सरकणारा एक हात दिसतो. तो प्रसंग इतका भयंकर वाटतो, तो त्याची दृष्टी मर्यादित आहे म्हणूनच. कादंबरीतील निवेदक मार्लोचे स्त्रियांविषयीचे अनुदार शेरे मात्र निषेधार्हच आहेत, आणि त्याबाबत पत्रलेखकांशी माझे पूर्ण मतैक्य आहे. तथापि तेवढ्यावरून संपूर्ण कृती त्याज्य ठरविणे हा फ्लोरेवर आणि कॉनराडवर सारखाच अन्याय होईल.

आपला नम्र,
एक वाचक