मॉनिटर बंद होत नाही? आधी कारण शोधा, मग खर्च करा



सेटिंगमध्ये दहा मिनिटं लावलीत, तरी दुकानातला मॉनिटर तासन् तास चालूच राहतो. मग आपण काय करतो? "मॉनिटर जुना झालाय" म्हणतो आणि नव्याचे भाव बघायला लागतो. माझं मत स्पष्ट आहे: अशा वेळी मॉनिटर सहसा निर्दोष असतो. कॉम्प्युटरमधलं काहीतरी त्याला झोपू देत नाही. ते शोधायला पैसे लागत नाहीत, अर्धा तास लागतो.

आधी हिशोब करू. साधा एलईडी मॉनिटर साधारण 20 वॅट खातो असं धरा. दुकान बंद असतानाचे 12 तास तो चालू राहिला, तर महिन्याला 7.2 युनिट. युनिटला 10 रुपये धरले तर 72 रुपये. असे चार मॉनिटर असतील तर वर्षाला जवळपास साडेतीन हजार. फार मोठी रक्कम नाही, पण कमावून देत काहीच नाही.

खरा धोका वेगळाच आहे. झेरॉक्स, डीटीपी, ऑनलाइन फॉर्म असं काम करत असाल तर स्क्रीनवर गिऱ्हाइकाचं आधार कार्ड, बँक पासबुक उघडं असतं. तुम्ही चहाला गेलात आणि स्क्रीन चालूच! गिऱ्हाइकाचा विश्वास हेच आपलं भांडवल, ते असं उघड्यावर ठेवायचं का?

आता शोधायचं कसं ते बघा.

1. स्क्रीनसेव्हर म्हणजे वीजबचत नव्हे. तो जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरवर चित्राचा डाग पडू नये म्हणून आला. त्यात स्क्रीन काळी दिसली तरी मागचा दिवा साधारणपणे चालूच असतो. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, पॉवर इथे जाऊन स्क्रीन बंद होण्याची वेळ तपासा. चाचणीपुरतं एक मिनिट ठेवा.

2. कोण अडवतंय ते कॉम्प्युटरलाच विचारा. कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा. इंग्रजीत 'पॉवरसीएफजी', एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून 'रिक्वेस्ट्स' असं टाइप करा, एंटर दाबा. 'डिस्प्ले'खाली एखाद्या प्रोग्रॅमचं नाव दिसलं की चोर सापडला. बऱ्याचदा तो ब्राउझर असतो, एखाद्या टॅबमध्ये व्हिडिओ चालू राहिलेला. तो टॅब बंद करा.

3. यादी रिकामी आली? मग माऊसची यूएसबी काढून बघा. काचेच्या काउंटरवर ऑप्टिकल माऊसचा बाण कधी कधी आपोआप थरथरतो, आणि कॉम्प्युटरला वाटतं मालक काम करतोय. तसं असेल तर माऊसपॅड घ्या, काम झालं.

4. एकाच मॉनिटरला कॉम्प्युटर आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर दोन्ही जोडलेत का? अनेक दुकानांत असतात. कॉम्प्युटरचा सिग्नल थांबला की मॉनिटर आपोआप डीव्हीआरवर जाऊ शकतो आणि उजळलेलाच राहतो. विंडोजचं सेटिंग तिथे चालत नाही. मॉनिटरच्या मेनूत इनपुटचं 'ऑटो' काढून एकच इनपुट निवडा. डीव्हीआरचं रेकॉर्डिंग त्यामुळे थांबत नाही.

5. एवढ्यानंतरही अडलं, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर कंपनीच्या अधिकृत साइटवरून नव्याने टाका. तरीही नाही झालं, तरच माणूस बोलवा. त्याला काय काय तपासलं ते सांगा, म्हणजे उगाच पार्ट बदलला जाणार नाही.

काही जण म्हणतील, "सर, रात्री बटण बंद केलं की झालं ना!" जरूर करा, चांगली सवय आहे. पण दिवसभर उघड्या राहणाऱ्या स्क्रीनचा प्रश्न त्याने सुटत नाही. आणि स्क्रीन काळी झाली म्हणजे कॉम्प्युटर लॉक झाला असंही नाही. म्हणून खुर्चीवरून उठताना विंडोजचं बटण आणि एल दाबायची सवय स्वतःला लावा, कामावरच्या मुलांनाही लावा.

धंद्यात हेच सगळीकडे लागू पडतं. विक्री घटली की लगेच जाहिरात, मशीन अडलं की लगेच नवं मशीन, हा महाग रस्ता आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला, निकाल बघा, वहीत लिहा. सुरुवात आज मॉनिटरपासून करा.