काठी कोणत्या हातात?

परवा एक आजोबा मुलाबरोबर आले. पडल्यामुळे उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्याला दोन महिने होऊन गेलेले. उजव्या हातात नवीकोरी काठी. प्रत्येक पावलाला सगळं अंग उजवीकडे कलत होतं. मी म्हटलं, "आजोबा, काठी डाव्या हातात घ्या बरं." मुलगा चटकन म्हणाला, "पण मॅडम, दुखतो तो उजवा पाय!"

गेली कित्येक वर्षं फिजिओथेरपी करताना हे वाक्य मी ऐकत आलेय. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातातच हवी. आपण चालतो तेव्हा उजव्या पायाबरोबर डावा हात पुढे येतो. काठी आणि दुखरा पाय एकदम पुढे पडले, की भार दोघांत वाटला जातो आणि खुब्याच्या स्नायूंवरचा ताण कमी होतो.

आजोबांची काठी उंचही होती. खांदा वर चढलेला. चप्पल घालून सरळ उभं राहायचं, हात मोकळा सोडायचा. मनगटाची वळी जिथे येते, तिथे काठीची मूठ हवी. म्हणजे मूठ धरल्यावर कोपर 20 ते 30 अंशांत वाकतं. त्यांची काठी अ‍ॅल्युमिनियमची होती. बटण दाबून दोन भोकं खाली घेतली आणि खांदा आपोआप उतरला. लाकडी काठी असेल तर सुताराकडून कापून घ्यावी.

मग जिना. चढताना चांगला पाय आधी. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. आजोबांकडून मी हे तीनदा म्हणून घेतलं: "चढताना चांगला, उतरताना दुखरा." मोकळा हात कठड्यावर. मुलालाही शिकवलं: वडिलांचा दंड धरून ओढायचं नाही. दुखऱ्या बाजूला, जरासं मागे राहायचं आणि हात कमरेशी ठेवायचा. उतरताना मात्र आपण एक पायरी खाली थांबायचं.

निघताना मी काठी उलटी करून रबर दाखवलं. त्याच्या रेघा झिजल्या, की ओल्या फरशीवर काठी सटकते. रबर स्वस्तात मिळतं, मोडलेला खुबा महागात पडतो. मोरीपुढचं सरकणारं पायपुसणं आजच उचला. रात्री काठी दारामागे नको, उशाशी हाताला लागेल अशी हवी. आणि पाहुणे आले म्हणून ती लपवू नका. काठी धरण्यात कमीपणा कसला?

फाटकापर्यंत आजोबा ताठ चालत गेले. अर्ध्या तासाचं शिकणं, पण दोन महिन्यांत त्यांना ते कुणी दिलं नव्हतं. घरात कुणासाठी काठी आणाल, तेव्हा दुकानातून थेट घरी नेऊ नका. आधी फिजिओथेरपिस्टसमोर दहा पावलं चालवून घ्या.