आवाज वाढला, गिटार मेली

रॉकमधल्या वाईट गिटारचा विषय निघाला की लोक एखाद्या नवशिक्या बँडकडे बोट दाखवतात. माझी तक्रार मोठ्या घराण्याविरुद्ध आहे. मेटॅलिकाच्या २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक' या अल्बमवरची गिटार कानांवर जुलूम करते, आणि हा जुलूम टाळता येण्याजोगा होता.

'मेटल म्हणजे गोंगाटच की!' असे म्हणणाऱ्यांना आधीच उत्तर देतो. फाटका आवाज हा गुन्हा नाही. १९६४ मध्ये किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने स्पीकरचा पडदा ब्लेडने कापून जो खरखरीत सूर काढला, त्यावर रॉकच्या पुढच्या पिढ्या पोसल्या. तो फाटका सूर वादकाने निवडलेला होता, त्याच्या बोटांच्या ताब्यात होता. 'डेथ मॅग्नेटिक'वरची खरखर वादन संपल्यावर, ध्वनिमुद्रण चेपताना वरून लादली गेली.

हे कसे होते? सीडीवर आवाजाला एक छत असते, त्यापलीकडे जाता येत नाही. मग गाणे जास्त मोठे वाटावे म्हणून हळू भाग वर उचलतात आणि उंच टोके छाटतात. तारेवर पिक आपटल्याचा पहिला ठोका हेच ते टोक. ते छाटले की गिटारचा ठोसा जातो, उरते ती एकसुरी घरघर. 'द डे दॅट नेव्हर कम्स' हळुवार सुरू होऊन चढत जाणारे गाणे आहे. पण छत आधीच डोक्याला लागले असेल तर चढायचे कुठे? तासभर ओरडून शिकवणाऱ्या मास्तरचा आवाज दहाव्या मिनिटाला पोरांना ऐकू येईनासा होतो, तसेच हे.

पुरावा? त्याच महिन्यात हा अल्बम 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेमसाठीही आला. त्यातला आवाज इतका चेपलेला नव्हता. तीच गाणी, तेच वादन, पण गिटार मोकळी आणि ढोल जिवंत. घरी बसून खेळायच्या गेमला चांगला आवाज आणि पैसे मोजून सीडी घेणाऱ्याला चोथा! हजारो चाहत्यांनी अल्बम पुन्हा मिक्स करा म्हणून याचिकेवर सह्या केल्या. बँडचा ड्रमर लार्स उलरिक मात्र त्या आवाजाच्या बाजूने उभा राहिला.

'अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, मग चुकले कुठे?' असेही विचारतात. लोकांनी बँडचे नाव विकत घेतले. आवाज कसा आहे हे घरी गेल्यावर कळले. याच बँडचा १९८६ चा 'मास्टर ऑफ पपेट्स' ऐका. 'बॅटरी'च्या सुरुवातीला अकूस्टिक गिटार वाजते, म्हणूनच नंतरचा हल्ला अंगावर येतो. मेटॅलिकाला हे येत नव्हते असे नाही. म्हणून तर राग जास्त आहे.

गंमत म्हणजे, ज्या मोठेपणासाठी गिटारचा बळी दिला तो मोठेपणाही आता उरलेला नाही. आजच्या बहुतेक स्ट्रीमिंग सेवा सगळी गाणी साधारण एकाच पातळीवर आणून वाजवतात. कमावलेला आवाज त्या खाली ओढतात, छाटलेली टोके मात्र परत येत नाहीत.

तेव्हा मित्रांनो, कुणी 'काय दणदणीत गिटार आहे' म्हणाला, तर दोन्ही अल्बम सारख्या आवाजावर लावा, 'मास्टर ऑफ पपेट्स' आधी. दणका कुठे आहे आणि नुसता दंगा कुठे, हे त्याचे कानच त्याला सांगतील.