घर लिलावात जाण्याआधी आपणच विकावे

२०२१ च्या पावसाळ्यात आमच्या दुकानावर रजिस्टर पोस्टाने एक जाडजूड लिफाफा आला. भिवंडीतील आमच्या धाकट्या चुलतभावाने घर तारण ठेवून काढलेले कर्ज थकले होते आणि आम्ही जामीनदार होतो. साठ दिवसांत ५२ लाख रुपये भरा, नाहीतर घराचा ताबा घेऊ, असा मजकूर होता. आम्ही त्याच दिवशी त्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, "भाईजान, माझ्याकडे तर अशी तीन पाकिटे आली आहेत." ती त्याने कपाटात, कापडाच्या सँपलबुकांच्या खाली ठेवली होती. भाभींना ठाऊक नव्हते, मुलांना ठाऊक नव्हते. कारखान्याच्या दिवाणजीला मात्र ठाऊक होते.

त्यानंतरच्या सव्वा वर्षात आम्ही जे शिकलो ते आमच्या व्यापारी आणि कारागीर बंधूंपुढे ठेवावे म्हणून हा लेख लिहीत आहोत. नोटाबंदी (२०१६), जीएसटी (२०१७) आणि टाळेबंदी (२०२०) यांनंतर यंत्रमागाच्या गावांत असे लिफाफे अनेक घरांत पडून आहेत, हे पेठेत बसणाऱ्या कोणालाही माहीत आहे.

आमचे म्हणणे सरळ आहे. घराची किंमत कर्जापेक्षा कमी भरत असली आणि हप्ता भरणे पुढे शक्य नाही असे दिसत असले, तर बँकेने लिलाव मांडण्याची वाट पाहू नये. आपणच गिऱ्हाईक शोधावे, त्याला घेऊन बँकेत जावे, बँकेच्या लेखी संमतीने घर विकावे आणि उरलेल्या रकमेची तडजोड त्याच कागदावर करून घ्यावी. अमेरिकेत याला शॉर्ट सेल म्हणतात. तिकडे २००७-०८ साली घरकर्जांचा डोलारा कोसळला तेव्हा लाखो कुटुंबांची घरे कर्जापेक्षा स्वस्त झाली. कर्जदार आपल्या अडचणीचे पत्र, पगाराचे आणि बँकेचे कागद आणि गिऱ्हाइकाचा देकार सावकार संस्थेला देई, आणि संस्था पटले तर कमी रकमेवर गहाण सोडी. एप्रिल २०१० पासून तर तिथल्या सरकारने त्यासाठी एक योजनाच चालवली. तिच्यात उरलेले कर्ज माफ करण्याची अट होती आणि घर सोडणाऱ्या कुटुंबाला सामान हलवण्यासाठी सुरुवातीला तीन हजार डॉलर मिळत. आपल्याकडे अशी योजना नाही, पण कायद्यात वाट आहे. ती कोणी दाखवत नाही, इतकेच.

आमच्या भावासाठी आम्ही महिनाभरात गिऱ्हाईक आणले. सायझिंगवाला माणूस, ४४ लाख द्यायला तयार, सगळे चेकने. आम्ही तिघे बँकेत गेलो. मॅनेजर भला होता. त्याने चहा पाजला आणि म्हणाला, "शेठ, तुमचे गिऱ्हाईक खरे असेल. पण उद्या वरचे मला विचारतील, स्वस्तात का दिलेस? लिलावात ३० लाखाला गेले तरी मला कोणी काही विचारणार नाही." अर्ज ठेवून घेतला, उत्तर आले नाही. पहिला लिलाव ४८ लाखांच्या राखीव किमतीवर मांडला, एकही बोली नाही. दुसरा ४३ लाखांवर, तोही रिकामा. मध्यंतरी तहसील कचेरीची माणसे आणि पोलीस येऊन कुलूप लावून गेली. कुलूप लागलेल्या घराला कोण भाव देतो? तिसऱ्या खेपेला घर ३९ लाखांना गेले. तोवर व्याज आणि खर्च चढून येणे ६० लाखांच्या घरात पोहोचले होते. म्हणजे बँकेला आमच्या गिऱ्हाइकापेक्षा पाच लाख कमी मिळाले, चौदा महिने गेले, आणि २१ लाखांची बाकी भावाच्या आणि आमच्या डोक्यावर राहिली.

इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. घर गेले की कर्ज मिटले असे लोक धरून चालतात. तसे नाही. २००२ च्या सरफेसी कायद्यात स्पष्ट आहे की विक्रीतून येणे फिटले नाही तर बाकीसाठी बँक कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाऊ शकते (२० लाखांच्या खालची रक्कम असेल तर दिवाणी कोर्ट). जामीनदाराची जबाबदारीही कर्जदाराइतकीच असते. आमच्या भावाची बाकी शेवटी सहा लाखांवर मिटली. त्यासाठी त्याने दहा माग विकले. माग म्हणून नाही, भंगाराच्या भावाने, किलोवर.

आता कायद्याची वाट काय आहे ते पाहू. नव्वद दिवस हप्ता थकला की खाते बुडीत वर्गात जाते. मग साठ दिवसांची नोटीस येते. या नोटिशीला लेखी उत्तर द्यावे. हरकत मिळाल्यापासून पंधरा दिवसांत बँकेने उत्तर देणे बंधनकारक आहे. आमच्या भावाने तीन पाकिटांपैकी एकालाही उत्तर दिले नव्हते. नोटीस आल्यावर मात्र बँकेच्या लेखी परवानगीशिवाय घर विकता येत नाही, भाड्यानेही देता येत नाही. कोणी दलाल म्हणाला की साठेखत करून टाकू, बँकेचे नंतर पाहू, तर त्याला दुकानाची पायरी दाखवावी. त्यात गिऱ्हाईकही फसते आणि आपणही.

ताबा घेतल्यावर बँकेने घर कसे विकावे याचे नियम आहेत, आणि त्यांत जाहीर लिलावाबरोबर खाजगी सौद्याने विक्री हाही एक मार्ग दिलेला आहे. दोन्ही पक्षांनी अटी लेखी ठरवल्या की झाले. राखीव किमतीपेक्षा कमी बोली आली तर ती घ्यायला कर्जदाराची संमती लागते, हेही नियमातच आहे. म्हणजे मॅनेजरने मनात आणले असते तर आमचा ४४ लाखांचा सौदा कायद्यात बसत होता. त्या बिचाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. जिथे स्वस्तात विकल्याची चौकशी होते आणि उशीर करून आणखी स्वस्तात विकल्याची होत नाही, तिथे माणूस उशीरच करणार. रिझर्व्ह बँकेने जून २०२३ मध्ये सर्व बँकांना तडजोडीसाठी संचालक मंडळाने मंजूर केलेले धोरण ठेवायला सांगितले. त्या धोरणात एक ओळ असावी अशी आमची मागणी आहे: कर्जदाराने खरे गिऱ्हाईक आणले तर तीस दिवसांत लेखी होकार किंवा कारणासह नकार द्यावा. चेंबरवाल्यांनी आणि यंत्रमाग संघटनांनी सुताच्या भावावर जितका आवाज केला त्याच्या चौथाईने जरी हे मागितले तरी पुरे.

तोपर्यंत आपल्या हातात जे आहे ते करावे. मालेगावच्या आमच्या एका ओळखीच्या कारखानदाराने केले. त्याचा पहिलाच हप्ता चुकला तेव्हा तो बँकेत गेला. खाते अजून बुडीत झालेले नव्हते, म्हणून बँकवालेही मोकळेपणाने बोलले. त्याने मान्यताप्राप्त व्हॅल्युअरचा अहवाल नेला, त्याच गल्लीतल्या दोन घरांच्या लिलावाच्या जाहिराती कापून नेल्या, आणि गिऱ्हाइकाला सोबत बसवले. येणे ३१ लाख, देकार २७ लाखांचा. गिऱ्हाइकाने दुसऱ्या बँकेचे कर्ज घेतले होते. त्या बँकेची पे ऑर्डर थेट जुन्या कर्जखात्यात गेली, आपल्या माणसाच्या हाताला पैसा लागलाच नाही. त्यामुळेच सगळ्यांचा विश्वास बसला. उरलेल्या चार लाखांचे दहा हप्ते ठरले. त्याच्या घराला कुलूप लागले नाही, वर्तमानपत्रात नाव आले नाही.

तडजोडीच्या पत्रात काय लिहिले आहे ते वकिलाकडून वाचून घ्यावे. घर विकून आलेली रक्कम पूर्ण व अंतिम फेड म्हणून घेतली की केवळ खात्यात जमा केली, या दोन वाक्यांत लाखोंचा फरक आहे. जामीनदार मुक्त झाले असे त्यात नावानिशी असावे. कोर्टात दावा असेल तर तो कधी मागे घेणार तेही असावे. सुरुवातीची रक्कम भरताना ती नो-लियन खात्यात ठेवायला सांगावी, म्हणजे तडजोड फिसकटली तर ती परत मागता येते. व्यवहार झाल्यावर नो ड्यूज, गहाण सोडल्याचा दस्त, आणि सेरसायच्या सरकारी नोंदीतून तारण उतरवल्याचा पुरावा घ्यावा. घरकर्जासारखे वैयक्तिक कर्ज असेल तर मूळ कागद तीस दिवसांत परत दिले पाहिजेत, नाहीतर दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. धंद्याच्या कॅश क्रेडिटला हा नियम धरून बसू नये.

तडजोड हा मात्र कर्जदाराचा हक्क नाही. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२१ मध्ये तसे सांगितले आहे. म्हणून बँकेत भांडायला नाही, सौदा करायला जावे. आणि वेळेचे भान ठेवावे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर पूर्ण रक्कम भरून घर सोडवण्याचा अधिकार लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच असतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. पूर्वीसारखे शेवटच्या दिवशी कोणा सासऱ्याने पैसे आणून घर वाचवले, ही गोष्ट आता घडत नाही.

सहकारी बँक आहे, आपल्याच संचालकांची आहे, असे म्हणून निवांत राहणाऱ्यांनी मे २०२० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल लक्षात ठेवावा. कोल्हापूरकडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात कोर्टाने सरफेसी सहकारी बँकांनाही लागू असल्याचे ठरवले. पतसंस्थेची वाट वेगळी, ती सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या दाखल्याने वसुली करते. शेवट दोन्हीकडे घरावरच येतो.

तोटेही सांगितले पाहिजेत. रक्कम सोडून तडजोड झाली की सिबिलच्या अहवालात खाते सेटल्ड असे दिसते, बंद असे नाही. तीच बँक निदान वर्षभर नवे कर्ज देत नाही. घर रेडी रेकनरपेक्षा स्वस्त विकले तरी गिऱ्हाइकाला स्टँप ड्यूटी सरकारी दरानेच भरावी लागते, तेव्हा देकार ठरवताना तो हिशेब धरावा. आणि काही रक्कम रोख घेऊ, कागदावर कमी दाखवू, हा जुना मोह इथे तर मुळीच नको. कागदावर कमी दिसले की बँकेची संमती गेली.

आपल्या घरांत आणखी एक अडचण येते. घर अब्बांच्या नावे, अब्बा गेलेले, आणि बहिणींचा हिस्सा कधी कागदावर उतरवलेला नाही. कर्ज काढताना भावांनी सह्या केल्या, विकताना बहिणींच्या सह्या लागतात आणि त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळते की घर गहाण होते. एका घरात बहीण म्हणाली, "मला हिस्सा नको होता, पण विचारायला तर हवे होते." त्या सहीसाठी गिऱ्हाईक तीन महिने थांबले आणि निघून गेले.

हे सगळे लपवालपवीतून होते. आपल्यात व्याजाचे कर्ज काढले हे सांगायची लाज वाटते, म्हणून माणूस आधी कर्ज लपवतो, मग हप्ता चुकल्याचे लपवतो, मग पाकिटे लपवतो. शेवटी लिलावाची जाहिरात निघते तेव्हा सगळ्या गावाला कळते. आमचा भाऊ आता भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो आणि चौदा माग चालवतो. गेल्या महिन्यात त्याच्या शेजारच्या कारखानदाराला तसाच लिफाफा आला. तो तो घेऊन त्याच संध्याकाळी भावाकडे आला आणि दुसऱ्या दिवशी दोघे आमच्या दुकानावर आले. पाकीट अजून फोडलेले नव्हते. आम्ही आधी ते फोडले, तारीख पाहिली आणि वकिलाला फोन लावला.