सांता दिसतो, येशू कुठंय?

डिसेंबर लागला की दौंड-शिरूरमध्येही केक, लाल टोप्या आणि ‘मेरी ख्रिसमस’चे स्टेटस सुरू! ख्रिस्ती दोस्तांपैकी काहींना याचा आनंद होतो, काहींना खटकतं: ज्याचा वाढदिवस, त्याचाच पत्ता नाही.

त्यांचा नाताळ चार रविवार आधी, आगमनकाळाच्या प्रार्थनेनं सुरू होतो. आणि तो इंग्रजी नाही, अस्सल मराठी आहे. शिरूरला अमेरिकन मराठी मिशन १९व्या शतकातच आलं. त्याच मिशनमध्ये काम केलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१-१९१९) ख्रिस्तभक्ती अभंग-कीर्तनात आणली.

डीजेच्या दणक्यात बाप्पा हरवला की आपल्यालाही टोचतंच ना? मग टोपी घाला, केकही हाणा. पण यंदा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी वर्गातल्या ख्रिस्ती मित्राला विचारा, ‘तुमच्याकडे नाताळ कसा असतो रे?’