वसुलीसाठी वकील शोधताय? आधी नोंदणी बघा

जोयड्यात दिलेले पैसे अडकले की माणूस दांडेली-कारवारला वकील गाठतो. पण व्याजाचा धंदा करणाऱ्याला आता वकील पहिलं विचारणार, नोंदणी आहे काय?

कर्नाटकच्या १२ फेब्रुवारी २०२५ च्या मायक्रो फायनान्स अध्यादेशाने विनापरवाना, विनानोंदणी सावकाराचं दुर्बल घटकांवरचं कर्ज व्याजासकट फिटलं असं धरलं. दिवाणी कोर्टात दावाही चालत नाही. धाकदपटशाने वसुली केली तर १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. राज्यपालांनी हा अध्यादेश आधी परत पाठवला होता. प्रामाणिक सावकाराने पैसे मागायचे कसे, ही त्यांची शंका अगदीच खोटी नव्हती.

ओळखीत एकदा दिलेले हातउसने वेगळे. तिथे दाव्याला साधारण ३ वर्षं मिळतात. चेक परतला तर मात्र घाई हवी: बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत नोटीस, देणेकऱ्याला १५ दिवस, मग महिन्याच्या आत तक्रार. बरेच दावे इथेच मरतात.

आणि देणेकरी बाई असेल, किंवा एससी-एसटी, तर उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो. फोन १५१००. नोटीस कन्नडमध्ये आली, वाचता येत नाही, म्हणून कपाटात ठेवू नका.